बॉल दिला, पण मैदान कुणाचं?

(उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत भरलेल्या युवक शिबिरातलं हे भाषण. वक्ते वस्तीतल्या पोरापोरींना संध्याकाळी फुटबॉल शिकवतात. भाषा त्यांचीच ठेवली आहे.)



भाषण करायची मला सवय नाही. मैदानात ओरडायची आहे. तेव्हा आवाज चढला तर भांडतोय असं समजू नका.

संयोजकांनी मला चिठ्ठीवर विषय लिहून दिला. 'फुटबॉलच्या माध्यमातून वस्तीतील युवकांचा सहभाग आणि गुणवत्ता विकास.' हे वाक्य आमच्या पोट्ट्यांसमोर वाचलं तर निम्मे तिथूनच पळतील. पण आज कितीतरी संस्था हेच वाक्य आपल्या माहितीपत्रकावर छापतात. वाक्य वाईट नाही. फक्त त्यात सहभाग आणि गुणवत्ता हे दोन शब्द सख्ख्या भावांसारखे शेजारी बसवलेत. मी तीस वर्षं हा खेळ खेळतोय, खेळवतोय. मला हे दोघं भांडतानाच दिसले. ते कुणाच्या मैदानावर भांडतात आणि त्यात मार कोण खातं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी माझी गोष्ट. १९९४ साल. मी तेरा वर्षांचा. बाप मिलमध्ये बदलीवर, आई चार घरची धुणीभांडी करायची. शहरात कुठंतरी सिलेक्शन आहे असं कळलं. आम्ही वस्तीतले सहाजण दोन सायकलींवर गेलो. साठेक पोरं होती तिथं. दोन निवडली. त्यातला एक मी. माझ्याबरोबर आलेला माझा दोस्त डाव्या पायाने असा क्रॉस टाकायचा की बॉल झाडाला वळसा घालून यायचा. त्याला नाही घेतलं. का, ते कुणी सांगितलं नाही.

मला एक कागद दिला. त्यावर आहार छापलेला. दूध, दोन अंडी, भिजवलेले बदाम. सकाळी साडेपाचला हजेरी. स्टडवाले बूट स्वतःचे आणायचे. आईने तो कागद माझ्याकडून वाचून घेतला. 'बदाम' ऐकल्यावर ती हसली. तिचं ते हसणं मला अजून आठवतं. तिसऱ्या आठवड्यात सायकलीचा मालक कामाला लागला आणि माझी सायकल गेली. मी चालत निघायचो, पोचायचो सहाला. कोच म्हणाले, उशिरा येणाऱ्याने कडेला उभं राहायचं. मी चार दिवस कडेला उभा राहिलो. पाचव्या दिवशी गेलो नाही.

कुणी विचारायला आलं नाही. दोन वर्षांनी तेच सर रस्त्यात भेटले. सोबतच्या माणसाला म्हणाले, "याच्यात गुण होता, शिस्त नव्हती."

दोस्तांनो, या वाक्यावर मी खूप वर्षं जळलो. दोष माझाच असं मानून जळलो. मग हळूहळू कळलं. माझा गुण त्यांना दिसला, पण माझ्या घरापासून त्या मैदानापर्यंतचं अंतर दिसलं नाही. आणि उरलेल्या अठ्ठावन्न पोरांचा तर हिशोबच नव्हता. तो डाव्या पायाचा दोस्त आज ऑटो चालवतो. त्या दिवसानंतर त्याने बॉलला पाय लावला नाही.

ही रीत नवी नाही. बाळू पालवणकरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जातीने चांभार. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात चार रुपये महिन्यावर पिच रोलवायचे आणि साहेबांना बॉल टाकायचे. हिंदूंच्या संघाला गोऱ्यांना हरवायला बॉलर पाहिजे होता, म्हणून बाळूंना घेतलं. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू चालत होता. चहाच्या वेळी मात्र ते पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तिथं या माणसाने ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना मिळालं नाही. धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं, तेही १९२३ साली. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात उभं केलं. बाबासाहेब जिंकले. पण काय झालं बघा. आपल्या माणसाचा गुण त्यांनी क्रिकेटसाठी उसना घेतला आणि मग राजकारणासाठीही घेतला. पॅव्हेलियनमधली खुर्ची मात्र राखून ठेवली.

म्हणून कुणी 'टॅलेंट शोधायला आलोय' म्हणालं की माझे कान उभे राहतात.

आता दुसरा शब्द. सहभाग. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा फुटबॉल वर्ल्ड कप भारतात झाला. त्याच्या आधी, १५ सप्टेंबरला, महाराष्ट्र सरकारने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम काढला. शाळाशाळांतून बॉल वाटले. पोरं खेळली, मजा आली, मी नाही म्हणत नाही. पण १६ सप्टेंबरला काय? बॉलमध्ये हवा कोण भरणार? ज्या शाळेला मैदानच नाही तिथला बॉल कपाटात गेला. एका दिवसाचा सहभाग म्हणजे वरातीतलं नाचणं. लग्न दुसऱ्याचं असतं.

मग करायचं काय? जिथं थोडं जमलंय तिथलं बघू या. सुरुवात आपल्या नागपूरपासून.

२००१ साली हिस्लॉप कॉलेजातले खेळाचे शिक्षक विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतली पोरं एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली. त्यांनी बॉल आणून दिला. त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. जगात तो 'स्लम सॉकर' नावाने ओळखला जातो. २०१६ साली फिफाने या कामाला डायव्हर्सिटी अवॉर्ड दिला. २०२२ साली नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला, तो याच कामावर बेतलेला. आपल्यापैकी पुष्कळांना त्यातली बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक आठवते. मला आठवते ती भिंत. एका बाजूला कॉलेजचं हिरवं मैदान, दुसऱ्या बाजूला वस्ती, मध्ये भिंत. बॉल भिंतीवरून जातो. पोट्टे गेले तर चोर ठरतात.

या कामातली मला पटलेली गोष्ट सांगतो. इथं सुरुवात निवडीने झाली नाही. जे खेळत होते त्यांना बॉल दिला. आधी सगळे, मग त्यातून जे निघतील ते. ही पोरं ज्या होमलेस वर्ल्ड कपला जातात त्याचे नियमही ऐका. २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात तो पहिल्यांदा झाला. मैदानात एका बाजूला चारच जण, गोलकीपर धरून. चौदा मिनिटांची मॅच. अंगणाएवढी जागा पुरते. आणि मोठा नियम असा की एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. तू कितीही भारी खेळ, पुढच्या वर्षी तुझी जागा दुसऱ्याची.

आमचे पोट्टे हे ऐकून चिडले. "हे काय बे, जो चांगला खेळते त्यालेच काढतेत?" मी म्हटलं, जरा थांब. स्टार तयार करायचा असता तर नियम उलटा केला असता. इथं एकाचं नाव मोठं करण्यापेक्षा दरवर्षी नव्या पोराला दार उघडायचं ठरलंय. या नियमाचं दुखणंही आहे, लपवत नाही. परदेशातून परत आलेला पोरगा निळी जर्सी घालून वस्तीत उतरतो, पंधरा दिवस हार पडतात, आणि सोळाव्या दिवशी नळावरच्या लाइनीत तो असतोच. त्यानंतर त्याला कोच व्हायला, शिकायला, कमवायला संस्थेने आणि वस्तीने हात दिला तरच त्या चौदा मिनिटांना अर्थ. नाहीतर तो एक फोटो.

आता लांब चला, केनियाला. नैरोबीच्या कडेला मथारे नावाची प्रचंड झोपडपट्टी आहे. तिथं १९८७ साली पोरांची फुटबॉल लीग सुरू झाली, मथारे यूथ स्पोर्ट्स असोसिएशन. तिथं लीगचे गुण नुसते मॅच जिंकून मिळत नाहीत. टीमने वस्तीतला कचरा काढला, गटार मोकळं केलं तर त्याचेही गुण टेबलात धरतात. जो पोरगा लहान्यांना शिकवतो, रेफ्री होतो, वस्तीत काम करतो, त्याच्या नावावर गुण जमतात आणि त्यातून त्याच्या शाळेची फी भरली जाते. कारभार पोरंच निवडून आलेल्या समित्यांतून चालवतात. आणि गुणवत्ता? १९९४ साली यातूनच मथारे युनायटेड हा क्लब निघाला. २००८ साली तो केनियाचा लीग चॅम्पियन झाला. झोपडपट्टीतली टीम देशात पहिली! तेव्हा सगळ्यांना खेळवलं तर दर्जा घसरतो असं कुणी म्हणालं, तर त्याला मथारेचा पत्ता द्या.

मी हे वाचलं तेव्हा खूश होऊन पोरांना सांगितलं, आपणही हेच करू. रविवारी सफाई, टीमला गुण. सगळे गप्प. मग मागून एक चौदा वर्षांचा पोरगा उठला. त्याचा बाप गटारात उतरतो. तो म्हणाला, "सर, माहा बाप रोज हेच करते. त्याले किती गुण?"

दोस्तांनो, माझी बोलती बंद झाली.

मथारेतलं पोरगं झाडू उचलतं तेव्हा ते आपलं अंगण साफ करतं. झाडू खाली ठेवला की तो नुसता झाडू असतो. आपल्याकडे झाडूला जात आहे. हजारो वर्षं आपल्या बापजाद्यांनी गावाची घाण काढली आणि त्यासाठीच त्यांना गावाबाहेर ठेवलं. आपल्या पोरांच्या हातात 'सामाजिक जाणीव' म्हणून पुन्हा तोच झाडू द्यायचा आणि साहेबांनी त्याचा फोटो काढायचा? नाही चालणार. वस्ती साफ ठेवणं हे महापालिकेचं काम आहे, ते आपण अर्ज करून, मोर्चा काढून करून घेऊ.

पण गुणांची कल्पना आम्ही सोडली नाही. बदलून घेतली. आमच्या लीगमध्ये आता टीमला गुण मिळतात ते जातीच्या दाखल्याचा अर्ज भरून दिल्याबद्दल. शिष्यवृत्तीचा फॉर्म वेळेत गेला त्याबद्दल. अभ्यासिकेत लहान्यांना गणित शिकवल्याबद्दल. गेल्या मोसमात एक टीम एकही मॅच न जिंकता तिसरी आली. बाकीच्यांनी आरडाओरडा केला. मी म्हटलं, तुम्हीपण फॉर्म भरा. बाहेरची गोष्ट घ्यायची ती अशी, आपल्या जमिनीत लावून. उपटून आणली तर वाळते.

आता पोरींबद्दल. पोरी नसतील तर 'युवकांचा सहभाग' म्हणजे अर्ध्याच वस्तीचा सहभाग.

मी कडेला उभा होतो त्याच १९९४ साली वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून स्वतःच्याच गोलमध्ये बॉल गेला. घरी परतल्यावर मेडेलिन शहरात त्याला गोळ्या घातल्या. त्या शहरात टोळ्या होत्या, बंदुका होत्या. त्या खुनानंतर तिथं काही लोकांनी गल्लीतल्या पोरांसाठी 'शांततेसाठी फुटबॉल' सुरू केला. टीममध्ये पोरं आणि पोरी मिसळून. रेफ्री नाही. भांडण झालं तर बसून मिटवायचं. आणि नियम असा की पहिला गोल पोरीने मारल्याशिवाय पोरांचा गोल धरायचा नाही.

आम्ही हा नियम लावला. पहिल्या दिवशी पोट्ट्यांनी पोरींना गोलसमोर खांबासारखं उभं केलं आणि त्यांच्या पायावर बॉल आपटला. आठवड्याभरात त्यांना कळलं की खांबाने गोल होत नाही. मग पास देणं सुरू झालं. मग शिकवणं. मग एक दिवस एका पोरीने तीन जणांना चकवून गोल मारला आणि सगळं मैदान ओरडलं.

तीच पोरगी पुढच्या महिन्यात यायची थांबली. मी घरी गेलो. तिची आई दारातच म्हणाली, "दादा, पोट्टी आता मोठी झाली. सहा वाजता नळ येते. ते ग्राउंडवर गेली तर पाणी कोन भरीन? मी कामावरून आठले येतो."

तिची आई जुनाट विचारांची आहे असं म्हणून मला परत येता आलं असतं. पण मला माझा १९९४ चा कागद आठवला. मी ज्याच्यावर जळलो तोच कोच मी होऊन राहिलो होतो. पोरगी 'अनियमित' नव्हती. नळ सहाला येत होता. आम्ही बैठक घेतली आणि पोरींची वेळ साडेचारची केली. पहिले दोन महिने ज्या दिवशी उशीर व्हायचा त्या दिवशी टीममधली पोरं तिच्या घरचे हंडे भरून द्यायची. पोट्टे नळावर उभे राहिले म्हणून वस्ती हसली. हसू दे. पोरगी आली.

सहभाग म्हणजे मला एवढंच कळतं. जो आला नाही त्याच्या घरी जाऊन विचारायचं, काहून नाही आला.

आता ज्या गोष्टीवरून आमच्यात फूट पडायची वेळ आली ती. गेल्या वर्षी एक संस्था आली. नाव सांगत नाही, तशा पुष्कळ आहेत. माणसं गोड बोलणारी. म्हणाले, तुमचं काम आम्हाला आवडलं. आम्ही बूट देऊ, जर्सी देऊ, रोज दूध-अंडी देऊ. मी मनात म्हटलं, बदाम राहिले. मग अट आली. सत्तर पोरं परवडत नाहीत. आठ चांगली निवडून द्या, त्यांच्यावर मेहनत घेऊ. आणि एक पाहुणे येणार आहेत, त्या दिवशी पोरं अनवाणी असतील तर फोटो चांगले येतील. बूट फोटोनंतर देऊ.

मी तिथं उत्तर दिलं नाही. आमच्यात निर्णय एकटा माणूस घेत नाही. सगळ्या पोरापोरींची बैठक झाली. दोन तास भांडले. एक म्हणाला, निदान आठ जणांना तर अंडी मिळतील, सगळ्यांनी उपाशी राहण्यात काय क्रांती आहे? खरं होतं त्याचं. दुसरी म्हणाली, अनवाणी फोटो काढायचा तर आपण बूट कशाला मागतो? तेही खरं होतं. हात वर करून मत घेतलं. बहुमताने नाही म्हटलं. पण दोघांनी सांगितलं, आम्हाला जायचंय. आम्ही त्यांना अडवलं नाही. त्यांच्या पोटाची परीक्षा घेणारे आपण कोण? त्यातला एक आज चांगला खेळतो, रविवारी येऊन लहान्यांना शिकवतो. दुसरा परत आला. त्याला आम्ही काही विचारलं नाही. बिब काढून दिलं.

हे सगळं सांगितलं, पण मुळातला सवाल राहिलाच. बॉल कुणीही देईल. मैदान कोण देणार?

आमच्या मैदानाचा एक कोपरा पार्किंगने खाल्ला. दुसऱ्या बाजूला लग्नाचे मांडव. मग एक दिवस तारेचं कुंपण आणि पाटी, आत यायला मनाई. आम्ही माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज टाकला. उत्तर यायला उशीर झाला, पण आलं. विकास आराखड्यात ती जागा क्रीडांगण म्हणून राखीव आहे! आमच्या आज्यापासून कुणाला हे माहीत नव्हतं.

आता हे नीट ऐका, लिहून घ्या. महाराष्ट्रात १९६६ चा नगररचना कायदा आहे. त्याचं कलम १२७. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत राखीव जागा पालिकेने घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत जागा घेतली नाही आणि घ्यायला पाऊलही उचललं नाही, तर आरक्षण आपोआप संपतं. म्हणजे कुणी बुलडोझर आणायची गरज नाही. नुसतं गप्प बसलं की मैदान जातं. फाइल एका टेबलावर झोपते आणि आपली पोरं रस्त्यावर येतात. ज्यांच्या मुलांना क्लबची मैदानं आहेत त्यांची झोप त्याने मोडत नाही.

म्हणून तुम्ही इथून जाल तेव्हा आपापल्या वस्तीचा आराखडा काढा. हिरवा तुकडा कुठं आहे बघा. त्यावर आज काय उभं आहे बघा. तारीख बघा. दहा वर्षं कधी भरतात ते मोजा. ज्याला वाचता येतं त्याने वाचून दाखवा, ज्याला ओरडता येतं त्याने ओरडा. कुंपण पडायच्या आत जा. आम्ही उशिरा गेलो, अजून भांडतोय. कुंपण तिथंच आहे. त्याला लागून जो पट्टा उरलाय त्यावर चार-चारच्या टीम करून खेळतो. चौदा मिनिटांची मॅच.

मला कुणाची दया नको आणि कुणाशी वैरही नको. मदत करणाऱ्याचा हात मी झटकत नाही. त्याला एवढंच सांगतो की बाबा, निवडायला येऊ नको, खेळायला ये. सगळ्यांसोबत खेळ. त्यातून जो पुढे जाईल त्याला आम्हीच खांद्यावर घेऊ.

बोलून झालं. साडेचारला पोरींची प्रॅक्टिस आहे आणि साडेपाचला पोट्ट्यांची. कुंपणाच्या अलीकडे. या. बूट नसतील तरी या. फोटो काढणार नाही.

जय भीम!